जवळजवळ बसणारा पाना

दिवाळीची झाडलोट निघाली, की माळ्यावरून एक गंजका डबा खाली येतो. आजोबांच्या वेळचे पाने! ते मोडीत घालायचा विचार असेल तर, वाचकहो, जरा थांबा. घरात जुनी बुलेट, जीप किंवा फियाट हौसेने जपली असेल, तर आधी त्या पान्यांवरचे आकडे वाचा.

पान्यांत मुख्य कुळे तीन. पहिले व्हिटवर्थचे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअराने सर्वांसाठी एकच माप सुचवले आणि आट्यांचा कोन 55 अंश ठरवला. त्याच्या पान्यावर पाव इंच लिहिलेले असते, पण ती जाडी बोल्टाची. पान्याचे तोंड असते सुमारे 13.3 मिलिमीटर!

अमेरिकेत 1864 साली विल्यम सेलर्सने 60 अंशांचा कोन सुचवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा 1948 साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 60 अंशांवर तडजोड केली. या दुसऱ्या कुळातल्या ‘ए. एफ.’ पान्यावरचा आकडा तोंडाचाच असतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर.

तिसरे कुळ मेट्रिक. तेरा म्हणजे तेराच.

आता गंमत पाहा. पाव, अर्धा आणि तेरा हे आकडे किती वेगळे, पण तोंडे मात्र जवळजवळ सारखी! हा ‘जवळजवळ’च घात करतो. किंचित सैल पाना नटाचे कोपरे खातो आणि नट गोल होतो. मग छिन्नी-हातोडीशिवाय गत्यंतर नाही.

आपल्याकडे ही तिन्ही कुळे नांदली. जुन्या बुलेटला बहुतेक इंग्रजी माप, जुनी जीप आणि अँबॅसडर यांना ए. एफ., तर फियाटला मेट्रिक.

आट्यांची फसवणूक याहून वाईट. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि अडीच सुताचा बोल्ट यांच्या जाडीत केसाएवढाच फरक. पण इंचाला पहिल्याचे सुमारे 20 आटे, दुसऱ्याचे इंग्रजी बारीक मापात 22 आणि अमेरिकन बारीक मापात 24. चुकीचा बोल्ट एकदोन वेढे जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर केला, की इंजिनच्या मऊ अॅल्युमिनियममधले आटे गेलेच समजा. ब्रेकचा बोल्ट असला, तर तो घट्ट भासतो आणि ऐन वेळी दगा देतो. मागच्या सीटवर बायको-मुले बसतात, हे विसरू नका.

म्हणून नियम एकच: बोल्ट आधी बोटांनी फिरवावा. पाचसहा वेढे सहज गेला तर आपला; अडला तर परका. पाना शेवटी, नुसता आवळण्यापुरता. आणि गाडी मुलाच्या हाती द्याल, तेव्हा किल्लीबरोबर हा डबाही द्या. कोणता पाना कुठे लागतो, हे एका चिठ्ठीवर लिहून!