भूखंड नियमात, गाव पाण्यात!

पाताळगंगेच्या काठावर रसायनांचा कारखाना आला आणि त्यावरून परिसराचे नावच रसायनी पडले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एचओसी’, ही केंद्र सरकारची कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिच्या येथील प्रकल्पाला टाळे लावण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये मंजुरी दिली. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्याचा आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा कारखाना सुमारे २० एकर जागेसह इस्रोकडे सोपविण्याचा निर्णयही त्याच वेळी झाला. धुराडी थंडावली, पण जमिनीचा बाजार तापला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला होताच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. दांड फाट्यापासून मोहोपाड्यापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा आता भाताच्या खाचरांपेक्षा गृहसंकुलांचे फलक अधिक दिसतात. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग आयुष्यभराची पुंजी घेऊन येथे येतो आहे. त्याला मिळणारे घर नियमांत बसते का, हा प्रश्न बँक विचारते, वकील विचारतो. ते घर ज्या वस्तीत आहे ती वस्ती नियमांत बसते का, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

याचे पहिले कारण असे, की या परिसरात नियम एक नाहीत आणि नियम लावणाराही एक नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू केली. गावोगावच्या वेगवेगळ्या नियमावल्यांचा गोंधळ संपावा, हा तिचा हेतू चांगलाच होता. परंतु ती लागू करताना बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, सिडकोकडील ‘नैना’, जेएनपीटी, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपालिका आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे वगळण्यात आली. आता रसायनीच्या आसपासचा नकाशा पाहावा. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र महामंडळाच्या अखत्यारीत. शेजारच्या पनवेल तालुक्यातील गावे जानेवारी २०१३ च्या अधिसूचनेने ‘नैना’त गेलेली. माथेरानच्या डोंगराभोवतीचा कर्जत, खालापूर आणि पनवेलमधील पट्टा फेब्रुवारी २००३ पासून संवेदनशील क्षेत्र. त्यात २०१९ साली मुंबई महानगर प्रदेशाची हद्दही वाढविण्यात आली. ‘एकत्रिकृत’ म्हणविणाऱ्या नियमावलीने जे जे वगळले, त्यातले बरेचसे या एकाच परिसराच्या पंचक्रोशीत एकवटले आहे! एका ओहोळाच्या अलीकडच्या तीरावर एक प्राधिकरण आणि पलीकडच्या तीरावर दुसरे, अशी स्थिती येथे असू शकते. ओहोळ मात्र दोघांच्याही खिजगणतीत नसतो.

या ओहोळापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण रसायनीच्या नियोजनाचा खरा प्रश्न तोच आहे. खालापूर तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथेरान-प्रबळच्या डोंगररांगेवरून आणि पूर्वेकडे घाटाच्या कड्यांवरून उतरणारे पाणी असंख्य वहाळांतून पाताळगंगेकडे धावते. भाताची खाचरे ही या पाण्याची जुनी व्यवस्था होती. बांधाबांधातून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाई. त्याचा वेग मोडे आणि नदीपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागे. शेतकरी बांध घालताना वरच्याचे पाणी अडवीत नसे आणि खालच्याच्या अंगावर एकदम सोडीत नसे. यासाठी कुठली नियमावली नव्हती, पण तसे न केल्यास भांडण ठरलेले होते.

खाचर अकृषिक झाले की पहिली गोष्ट होते ती भरावाची. डंपरने मुरूम येतो, जमीन चार-पाच फूट उंचावते, भोवती संरक्षक भिंत उभी राहते आणि वरून येणारे पाणी त्या भिंतीला धडकून शेजाऱ्याच्या घरात शिरते. पुढच्या वर्षी शेजारी आपली जमीन आणखी फूटभर उंच करतो. अखेरीस सर्वांत खाली राहतात ते जुने गावठाण आणि आदिवासी वाडी. यात कोणताही नियम मोडलेला असेलच असे नाही. सामासिक अंतरे सोडलेली असतात, चटईक्षेत्र मर्यादेत असते, चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या अभिन्यासात दहा टक्के मोकळी जागाही दाखविलेली असते. नियमावली भूखंडाच्या आत डोकावते, त्याच्या कुंपणावरून पलीकडे पाहत नाही. दोन अभिन्यासांमधले अंतर्गत रस्ते एकमेकांना जुळतात का, एकाचे गटार दुसऱ्याच्या गटारापेक्षा उंच आहे की खाली, भरावाची पातळी कशाच्या संदर्भाने धरायची, हे पाहणे ज्याचे काम, त्या विकास योजनेचा येथे पत्ता नाही किंवा ती कागदावर आहे.

पर्जन्यजल संधारणाचेच उदाहरण घेता येईल. मोठ्या भूखंडावर पाणी मुरविण्याची व्यवस्था असल्याखेरीज परवानगी नाही, हा नियम राज्यभर सारखाच आहे. वर्षाला सहाशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या सोलापुरात तो संजीवनीसारखा. खालापुरात जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच जमीन तुडुंब होते. त्यानंतर शोषखड्डा हा नुसता भरलेला खड्डा असतो. येथे नियम हवा तो पाणी काही तास थोपवून मग सावकाश सोडण्याचा आणि वहाळाचे पात्र मोकळे ठेवण्याचा. पावसात पाचपट फरक असलेल्या दोन मुलखांना एकच माप लावण्याचा मोह केवळ सचिवालयी सोयीतून येतो.

नदीकाठाची कथा वेगळी नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा हा पूरक्षेत्रातील बांधकामाचा आधार. परंतु जोपर्यंत रेषा आखली जात नाही, तोपर्यंत तिच्या आतले बांधकाम बेकायदा ठरत नाही, आणि छोट्या वहाळांसाठी ती आखण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. नदीपासून अंतर राखून उद्योगांना परवानगी देणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते. तेही २०१५ साली रद्द झाले. पाताळगंगा ही काही निसर्गतः बारमाही वाहणारी कोकणी नदी नव्हे. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते, आणि म्हणूनच कारखाने तिच्या काठाला आले. उद्याच्या हजारो सदनिकांचे सांडपाणीही तिच्यातच जाणार आहे. तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे, हे लक्षात घेतले म्हणजे पाण्याच्या बाजूने हा हिशेब किती लंगडा आहे ते उमगते.

कारखान्यांच्या शेजाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये बंद पडलेल्या एचओसीच्या आवारात वायुगळती होऊन माकडे आणि कबुतरे मृत्युमुखी पडली होती. माणसे बचावली, याचे एक कारण आवार विस्तीर्ण होते. जुन्या सार्वजनिक कंपन्यांनी जमिनी सढळ हाताने घेतल्या, शेतकऱ्यांना त्याची झळ बसली. पण त्या मोकळ्या जागेने आणि झाडीने एक संरक्षक पट्टाही दिला. एचओसीची वसाहत पाहिली तर रुंद रस्ते, शाळा, सावली, उतारानुसार काढलेली गटारे, असे सारे आढळते. तेथून मोहोपाड्याच्या बाजारपेठेत आले की सरकारी नियोजन आणि बाजाराचे नियोजन यांतला फरक कोणालाही सांगावा लागत नाही. एचओसीला नफा कमावता आला नाही. गाव वसवता मात्र येत होते.

ग्रामपंचायतींवर खापर फोडणे सोपे आहे. गावठाणातील बांधकाम परवानगी त्यांच्याकडे असते. २०२१ साली ग्रामीण भागातील सुमारे सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घराला नगररचना विभागाच्या परवानगीची गरज उरली नाही आणि ३२०० चौरस फुटांपर्यंतची परवानगी ग्रामपंचायतीच्या हाती आली. गरिबाला घर बांधताना तालुक्याला खेपा घालाव्या लागू नयेत, हा विचार रास्तच. पण ज्या कार्यालयात एक ग्रामसेवक आणि दोन लिपिक, तेथे समतल रेषांचा नकाशा वाचणार कोण?

यावर नगररचना योजना हा जुना आणि सिद्ध उपाय आहे. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने, पाण्याच्या वाटा आधी आखायच्या आणि मग उरलेले भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे, ही कल्पना तेव्हाची. ‘नैना’त सिडकोने तीच वाट धरली आहे. परंतु साठ टक्के जमीन योजनेसाठी आणि चाळीस टक्के आपल्याला, हे गणित पनवेलच्या शेतकऱ्यांना पटलेले नाही आणि त्यांच्या विरोधाला केवळ अडवणूक म्हणता येणार नाही. कारखान्यासाठी आणि सिडकोच्या शहरासाठी घेतलेल्या जमिनींचा अनुभव या जिल्ह्यातील दोन पिढ्यांनी घेतला आहे. रस्ते आणि गटारे आधी प्रत्यक्ष दिसली, तर चाळीस टक्क्यांची चर्चा वेगळ्या सुरात होईल.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने तेव्हा विधिमंडळात सांगितले. डोंगरउतारावरच्या आदिवासी वाडीची आणि सखल भागातल्या संकुलाची तुलना होऊ शकत नाही, पण यादीत नसणे म्हणजे धोका नसणे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

मोठी योजना येईल तेव्हा येईल. तोवर एक गोष्ट आजच्या कायद्यातही करता येण्यासारखी आहे. भूमी अभिलेख कार्यालयात प्रत्येक गावाचा जुना नकाशा असतो आणि त्यात ओढे-नाले, पांदणी आणि पाणवठे रेखाटलेले असतात. मंजुरीसाठी आलेला अभिन्यास त्या नकाशावर ठेवून पाहिला, तर कोणता वहाळ कोणत्या इमारतीच्या वाहनतळाखाली गाडला जाणार आहे, ते तिथल्या तिथे कळते. या पडताळणीला फार तर एक दुपार लागते. घर घेणाऱ्यानेही सात-बारा आणि महारेराचा क्रमांक पाहून झाल्यावर त्या नकाशाची नक्कल मागावी. ती मामुली शुल्कात मिळते.