तपकिरी म्हणजे पूर्ण नव्हे

किराणा दुकानाच्या फळीवर गेल्या काही वर्षांत पावाचे रंग वाढले आहेत. पांढऱ्या पावाशेजारी तपकिरी पाव आला, मागोमाग आटा ब्रेड आला, मल्टिग्रेन आला, आणि आता जवस-तीळ भुरभुरलेला पाव तालुक्याच्या गावातही मिळू लागला आहे. रक्तशर्करेचा अहवाल हाती पडलेला गृहस्थ दवाखान्यातून निघतो, याच फळीपुढे येऊन उभा राहतो, पांढरा पाव बाजूला सारतो आणि चार पैसे अधिक मोजून तपकिरी पाव पिशवीत टाकतो. त्याचा हेतू निःसंशय योग्य असतो. मात्र त्या अधिकच्या पैशांच्या मोबदल्यात त्याच्या पदरी नेमके काय पडते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो मांडायचा तर गव्हाच्या दाण्यापासून आरंभ करावा लागतो. दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचे आवरण म्हणजे कोंडा, वजनाने सुमारे १४ ते १५ टक्के. एका टोकाशी असलेला इवलासा अंकुर, दोन-तीन टक्के. उरलेला ८० टक्क्यांहून अधिक भाग पिष्टमय गराचा. अंकुरात स्निग्धांश आणि ई जीवनसत्त्व, कोंड्यात तंतू, लोह, मॅग्नेशियम व ब गटातील जीवनसत्त्वे, आणि गरात मुख्यतः पिष्ट व प्रथिने, अशी ही वाटणी आहे. मैदा करताना पहिले दोन भाग काढून टाकतात. १०० किलो गव्हातून साधारण ७० ते ७५ किलो पांढरे पीठ निघते आणि उरलेला माल प्रामुख्याने पशुखाद्याकडे जातो. म्हणजे दाण्यातील सर्वांत मोलाचा ऐवज गोठ्यात जातो आणि सर्वांत स्वस्त ऐवज ताटात येतो. पुढे तोच कोंडा ‘फायबर’ या नावाने सुबक डब्यात भरून परत विकला जातो, तेव्हा त्याला धान्याच्या कितीतरी पट भाव आलेला असतो. कोंड्याचा मांडा करणाऱ्या जुन्या गृहिणींना या व्यवहाराचे हसू आले असते.

मैद्याविरुद्ध बोलताना अतिशयोक्ती करण्याचे मात्र कारण नाही. मैदा आतड्यांना चिकटून बसतो, ही वारंवार ऐकू येणारी समजूत निराधार आहे. प्रथिनांच्या बाबतीतही मैदा आणि कणीक यांत फारसे अंतर नाही. दोहोंत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. खरे अंतर तंतूंचे आहे. कणकेत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. लोह निम्म्याहून कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढ व्यक्तीस रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचविले आहेत. सकाळी टोस्ट, दुपारी बिस्किटे आणि संध्याकाळी खारी असा ज्यांचा दिवस जातो, त्यांची ही २५ ग्रॅमची बाजू भरून निघणे कठीण.

एवढा उत्तम भाग माणसाने टाकून का दिला? पांढऱ्या रंगाची प्रतिष्ठा हे एक कारण आहेच. युरोपात शतकानुशतके पांढरा पाव श्रीमंतांचा आणि काळा पाव गरिबांचा मानला जात असे. परंतु अधिक बळकट कारण व्यापाराचे आहे. अंकुरातील तेल हवेशी संयोग पावले की पीठ खवट होते. जात्यावर दळलेले पूर्ण पीठ म्हणून फार काळ साठवता येत नसे आणि दूर पाठवता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतील बुडापेस्ट येथे पोलादी रुळांच्या गिरण्या नावारूपास आल्या, तेथून ते तंत्र अमेरिकेतील मिनियापोलिसला पोचले. या रुळांनी अंकुर व कोंडा अलगद वेगळे करता येऊ लागले, आणि महिनोन्‌महिने टिकणारे शुभ्र पीठ आगगाडीने व जहाजाने जगभर जाऊ लागले. टिकाऊपणा हा मैद्याचा सर्वांत मोठा गुण आहे. तो गुण दुकानदाराच्या उपयोगाचा आहे, खाणाऱ्याच्या नव्हे.

या टिकाऊपणाची किंमत काय, हे धान्य सडण्याच्या दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवून दिले होते. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य क्रिस्तियान आयकमान यांच्या ध्यानात आले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि न सडलेला तांदूळ दिला की त्या सुधारतात. बेरीबेरी या रोगाचे मूळ शोधण्याचा मार्ग त्यातून खुला झाला आणि १९२९ मध्ये आयकमान यांना नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. कोंड्यासोबत फेकले जाणारे ते द्रव्य म्हणजे थायामिन, ब-१ जीवनसत्त्व. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ब्रिटिश सरकारने १९४२ पासून ८५ टक्के उताऱ्याच्या पिठाचा ‘नॅशनल लोफ’ सर्वत्र रूढ केला. तो आरोग्याला चांगला होता. पण करडा आणि ओलसर म्हणून लोक त्याच्या नावाने बोटे मोडीत, आणि युद्धानंतर काही वर्षांतच जनता आनंदाने पांढऱ्या पावाकडे परतली. जिभेला पटवणे सरकारलाही जमत नाही, असेच म्हणावे लागते.

आता पुन्हा दुकानातील फळीकडे वळू या. पावाचा तपकिरी रंग हा पूर्ण गव्हाचा पुरावा नाही. जळक्या साखरेचा रंग, म्हणजे कॅरामेल, मैद्याच्या पावालाही तसाच रंग देतो; वेष्टनावर तो आयएनएस १५० या क्रमांकाने, पुढे एखादे अक्षर जोडून, नोंदलेला असतो. वेष्टनाची दर्शनी बाजू ही जाहिरात असते, ताळेबंद मागच्या बाजूस असतो. भारतातील नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर दर्शनी भागावर गव्हाच्या ओंबीचे कितीही सुंदर चित्र असो, तो मैद्याचाच पाव होय. इंग्रजीत नुसते ‘व्हीट फ्लोअर’ लिहिले असेल तर तेवढ्याने समाधान मानू नये. ‘होल व्हीट’ किंवा ‘आटा’ हे शब्द शोधावेत आणि त्यांच्यापुढील टक्केवारी वाचावी. मल्टिग्रेन या शब्दाने तर बहुतेकांची फसगत होते. पाच धान्यांची नावे असतात खरी, पण ती यादीच्या शेपटाशी, मिठाच्या आसपास रेंगाळत असतील तर ती धान्ये नावापुरतीच आहेत हे उघड आहे.

आकड्यांशी ज्यांचे सख्य आहे त्यांच्यासाठी एक सोपा ताळा आहे. वेष्टनावरील कर्बोदकांच्या आकड्यास दहाने भागावे. तंतूंचा आकडा त्या भागाकाराइतका किंवा त्याहून अधिक असेल तर माल बरा समजावा. पांढऱ्या पावात १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके व अडीच ग्रॅम तंतू, म्हणजे तो या ताळ्यात निम्म्यावरच अडखळतो. तंतूंचा आकडा छापणे कायद्याने बंधनकारक नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे असते तो उत्पादक तो आकडा आवर्जून छापतो. ‘फायबरयुक्त’ म्हणवणाऱ्या पावावर तोच दिसला नाही, तर अनुमान काढणे कठीण नाही. डायजेस्टिव्ह म्हणून मिळणाऱ्या बिस्किटांनाही हाच ताळा लावून पाहावा. त्यांतील अनेकांत पहिला मान मैद्याचा आणि मानाची पुढली स्थाने तेल व साखर यांची असतात.

मधुमेहींनी मात्र याहून एक पाऊल पुढे गेले पाहिजे. अन्न खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने चढते, याचे मोजमाप ग्लायसेमिक निर्देशांकाने करतात. शुद्ध ग्लुकोज म्हणजे १००. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत पांढऱ्या पावाचा सरासरी निर्देशांक ७५ आहे. संपूर्ण गव्हाच्या पावाचा किती असेल? ७४! हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, पण कारण साधे आहे. कोंड्यासह असले तरी पीठ अतिशय बारीक दळले आणि खमीर घालून ते स्पंजासारखे फुगवले, की पाचकरसांना पिष्ट फोडण्यास वेळ लागत नाही. ज्या पावात अख्खे किंवा भरडलेले दाणे शाबूत असतात, त्याचा निर्देशांक मात्र ५३ च्या घरात येतो. संपूर्ण गव्हाच्या पावातील तंतू, लोह, मॅग्नेशियम यांचा लाभ खराच आहे. त्यासाठी तो घ्यावाच. पण साखर आटोक्यात ठेवण्याच्या कामी तो आपोआप उपयोगी पडेल या विश्वासावर दोनाच्या जागी चार काप खाणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. दळण किती जाड, हा प्रश्न रंगाइतकाच, किंबहुना रंगाहून अधिक महत्त्वाचा.

आणि येथेच जैन स्वयंपाकघरातील एका जुन्या शिस्तीचा उल्लेख करणे क्रमप्राप्त ठरते. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस मानली गेली आहे. ही मर्यादा जीवोत्पत्तीच्या विचाराने, अहिंसेच्या पोटी घातलेली आहे. आहारशास्त्र हा तिचा हेतू नव्हे. तथापि तिचा एक व्यावहारिक परिणाम असा झाला की, जे घर ती पाळत आले त्या घरात थोडे थोडे, ताजे आणि अंकुरासह दळलेले पीठच वापरले गेले. महिनोन्‌महिने टिकण्यासाठी जन्मास आलेल्या मैद्याचे अशा घरात कामच नव्हते. मर्यादेचे काटेकोर पालन करणारी मंडळी खमिरामुळे आणि शिळेपणामुळे बाजारचा पाव मुळात वर्ज्यच मानतात. त्यांना वरील वेष्टनपुराणाची गरज नाही. पण आज कित्येक घरांत आजी पाव शिवत नाही आणि नातवाच्या डब्यात रोज सँडविच जाते, ही वस्तुस्थिती आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याच्या घाईत कचेरीतच खारी-बटर किंवा ब्रेड-लोणी खाऊन व्रत सांभाळणारेही थोडे नाहीत. व्रत सांभाळले जाते हे उत्तमच. त्यासाठी मैदाच हवा असे नाही.

चाळणीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. पीठ चाळून घेण्याची चाल जीवजंतूंची खात्री करण्यासाठी आहे आणि ती सोडू नये. परंतु बारीक चाळणीत राहिलेला कोंडा नीट पाहून, निरखून, पुन्हा पिठात मिसळण्याऐवजी तो टाकून देण्याची सवय घरोघरी लागली आहे. पोळी मऊ आणि पांढरी व्हावी म्हणून गृहिणी नकळत घरातच मैद्याच्या दिशेने निघालेली असते. चाळावे, पाहावे आणि कोंडा परत घालावा. गिरणीवर गहू देताना थोडे जाड दळण्यास सांगावे. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात मिळणारा खपली गहू परवडत असेल तर अधूनमधून आणावा. त्याची पोळी जराशी लालसर होते, तिला नाक मुरडू नये.

पावालाही चांगले भाऊबंद आहेत, हे येथे नमूद करावयास हवे. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, आणि गोव्यातील पोदेर आजही कोंडा लावलेली पोई भाजतो. पूर्वी तिचे पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. कित्येक भट्ट्यांत मैद्याचे प्रमाणही वाढले आहे. गोव्यास जाणाऱ्या शाकाहारी प्रवाशाने विचारून घ्यावे हे बरे. प्रवासात नेण्यास त्याहून सोयीचा पदार्थ खाखरा. कणकेचा, तव्यावर दाबून भाजलेला खाखरा कित्येक दिवस कुरकुरीत राहतो आणि त्यास ना खमीर लागते ना यीस्ट. बाजारात अलीकडे मैदा मिसळलेले आणि तेलाने माखलेले खाखरेही येऊ लागले आहेत, तेव्हा तेथेही घटकांची यादी उलटून पाहणे आलेच.

शेवटी रुपये-पैशांचा मुद्दा. संपूर्ण गव्हाच्या चांगल्या पावाचे दोन काप साधारण ५५ ग्रॅमचे. त्यांतून साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी घेतली तर सहा ग्रॅम मिळतात, आणि कणकेच्या दोन पोळ्यांतून जवळपास साडेसहा. बाजरी आणि नाचणी याच पंक्तीत बसतात. भाकरीचे पीठ पावाहून कितीतरी स्वस्त पडते आणि तिच्या घटकांच्या यादीत ज्वारी, पाणी आणि मीठ एवढीच तीन नावे येतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले, भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि आता महानगरांतील उपाहारगृहे तीच भाकरी मोठ्या थाटाने वाढू लागली आहेत. डब्यात सँडविचच हवे असा नातवाचा हट्ट असेल, तर जाडसर पोळीत तेच सारण भरून गुंडाळी करून दिली तरी बहुधा तक्रार येत नाही.

बदल करताना घाई मात्र करू नये. वर्षानुवर्षे मैद्याला सरावलेल्या पोटात एकदम कोंड्याचा भडिमार केला तर गॅस आणि पोटफुगी होते, आणि माणूस आठवड्यात जुन्या वाटेला लागतो. पहिले दोन आठवडे दिवसातून एकाच वेळचा पदार्थ बदलावा आणि पाणी वाढवावे. सीलियाक विकार असलेल्यांना गहू कोणत्याही रूपात चालत नाही, खपलीही नाही. त्यांना ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हेच खुले आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांना पूर्ण धान्यातील फॉस्फरस व पोटॅशियम कधी कधी मोजून घ्यावे लागते. त्यांनी हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.