प्रश्न थेट असला की रांग लागते

धरमपेठेत आम्ही मित्र चहाला बसलो की निवडणुकीच्या दिवसांत एक वाक्य हमखास येतं: "एका मतानं काय होतं?" मी इंजिनिअर माणूस, म्हणून आधी हिशोबच मांडतो.

16 जानेवारी 1967. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर तिथे जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं अस्तित्व. पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021. म्हणजे कुणा एकाच्या मतानं निकाल ठरला नाही. तरी दहापैकी आठ मतदार केंद्रावर गेले.

का गेले? प्रश्न एकच होता आणि तो थेट त्यांच्या घराचा, भाषेचा, नोकरीचा होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला होता. लोकांना खात्री होती की आपलं उत्तर मोजलं जाईल. पुढे काही आठवड्यांतच विधानसभेत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. पक्ष वेगळा, प्रश्न वेगळा, हा फरक अनेक मतदारांनी केला.

आपल्या विदर्भाला 1960 मध्ये असा प्रश्न कुणी विचारला नाही. पण महाराष्ट्रात एक कौल आजही होतो: दारूच्या दुकानाविरुद्ध 'आडवी बाटली'. त्यात महिलांचं मतदान झालं, तर झालेल्या मतांचं नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांचं बहुमत लागतं. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचं मत दुकानाच्या खात्यात गेलं. ते त्या बायकांना माहीत असतं, म्हणून त्या शेजारणीला हाताला धरून नेतात.

दोस्तांनो, आपल्याला 'एकगठ्ठा मतं' म्हणतात, आणि आपणही मोहल्ल्यात कुणाला पाडायचं एवढंच बोलतो. नळ, शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती यांवरचा प्रश्न आपण उमेदवाराला कधी विचारतो? प्रश्न आपण ठरवला, तर मतदानाला जायचं कारणही आपलंच असेल.

या आठवड्यात दोन कामं करा. मतदार यादीत स्वतःचं आणि घरच्यांचं नाव तपासा. नसेल तर फॉर्म 6 भरा. आणि मोहल्ल्यातल्या चार जणांसोबत बसून एक प्रश्न लिहून काढा, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच द्यावं लागेल.