छायाचित्र हाही पुरावाच



जुन्या वास्तूंची छायाचित्रे पर्यटनाच्या जाहिरातीपलीकडे काही साधत नाहीत, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत रत्नागिरीच्या बाबतीत टिकत नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्याची दर्शनी बाजूच सर्वत्र छापली जाते, हे खरे. परंतु दोष छायाचित्रणाचा नसून निवडीचा आहे. जांभा, म्हणजे खाणीतून काढल्यावर हवेत कठीण होत जाणारा कोकणातील सच्छिद्र तांबडा दगड, दर पावसाळ्यात कोठे झिजतो, हे एकाच जागेवरून, मोजपट्टी ठेवून आणि तारीख नोंदवून घेतलेल्या चित्रांतूनच कळते, आणि दुरुस्तीच्या वेळी मूळ घडणीचा तोच आधार ठरतो. सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरील, कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली. त्यांच्या उथळ रेषा भर दुपारी जवळजवळ पुसल्यासारख्या दिसतात आणि कलत्या उन्हातच उठून येतात, म्हणून तेथे वेळेची निवड हीच अभ्यासाची पहिली पायरी होय. सर्वांत निकड आहे ती कोणत्याही यादीत नसलेल्या कौलारू घरांची, कारण ओटी, पडवी आणि माजघर यांची ती रचना घर पाडल्यावर पाहायला मिळणार नाही. घरमालकांच्या संमतीने तिचे चित्रण याच उन्हाळ्यात, कौले उतरण्यापूर्वी, सुरू व्हावे.

एक वाचक, रत्नागिरी