आंग्र्यांचं पिस्तूल आणि बाबांची बंदूक

या वीकएंडला रेवदंड्याला घरी आलोय. ओटीवर बसलोय, समोर चहा आहे आणि शेजारी व्हर्नियर कॅलिपर. कॅलिपर कशाला, ते येईलच पुढे.

तर झालं असं, की माझ्या छोट्याशा संग्रहात (एक कट्यार, बंदुकीची दारू ठेवायचं एक शिंग आणि एक पिस्तूल, ज्याची कथा दुःखद आहे) एक लांब नळीची जुनी बंदूक असावी असं दोनेक वर्षं मनात होतं. एकच. मुंबईच्या फ्लॅटमध्ये मोकळी भिंतही एकच आहे आणि बायकोचाही तिच्यावर डोळा आहे.

व्हर्जिनियातल्या मित्राला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "घ्यायची तर कॉन्फेडरेट घे!" म्हणजे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने वापरलेली. त्याने फोटो पाठवले आणि मला हसूच आलं. ती होती १८५३ ची एन्फिल्ड. आपली शाळेतली मैत्रीण! जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली भडका उडाला, तीच. दक्षिणेकडे कारखाने कमी, म्हणून त्यांच्या एजंटांनी इंग्लंडमधून बंदुका उचलल्या. नोव्हेंबर १८६१ मध्ये 'फिंगल' नावाचं जहाज उत्तरेच्या नाकेबंदीतून निसटून असा हजारोंचा माल घेऊन सव्हानाला पोचलं. (त्याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईचे कापूसवाले गब्बर झाले. पण तो वेगळा लेख.)

गंमत अशी की उत्तरेनेही याच बंदुका इंग्लंडमधूनच घेतल्या. मग कॉन्फेडरेट कुठली ते ओळखायचं कसं? काहींच्या लाकडी दस्त्यावर 'जेएस' आणि नांगर असा एक बारीक शिक्का असतो. तो असला की किंमत एकदम चढते, आणि किंमत चढते म्हटल्यावर शिक्के आजही मारले जातात. शिवाय, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सैन्याचा शिक्का आहे म्हणून जास्त पैसे मोजायचे, हे मला काही पटत नाही. म्युझियमने ठेवावी, जरूर ठेवावी. माझ्या भिंतीवर नको.

शिक्क्याला भुलण्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. ते पिस्तूल मी 'कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातलं' म्हणून घेतलं होतं. विकणाऱ्याने असं काही रंगवून सांगितलं की माझ्यातला अलिबागकर विरघळला. नळीत शिसं ओतून बंद केलेलं, म्हणजे कायद्याचीही भानगड नाही. घरी आणल्यावर महिन्याने लक्षात आलं की ते टोपीचं आहे, म्हणजे घोडा तांब्याच्या टोपीवर आपटून बार उडतो ते. ही पद्धत आली एकोणिसाव्या शतकात. कान्होजी गेले १७२९ साली! अठरा हजार रुपये गेले. असो.

कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्याजवळ उभं राहून आपण सगळे 'आंग्र्यांची तोफ' म्हणून फोटो काढतो. मीही काढलाय. वाकून अक्षरं वाचा, लो मूर, यॉर्कशायर, १८४९. तोवर आंग्र्यांचं संस्थान खालसा होऊन गेलं होतं. आम्हा प्रोग्रामर लोकांत म्हणतात ना, कमेंटवर विश्वास ठेवू नका, कोड वाचा. तसंच.

आणि एवढं सगळं शोधताना घरात काय होतं? बाबांची ठासणीची बंदूक! शेतीच्या संरक्षणाच्या परवान्यावरची. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, हे मी लहानपणापासून बघतोय. डुकरं अजून येतात, पण बाबा आता ७६ वर्षांचे आहेत, गुडघे बोलतात. "काढून टाकू या," म्हणाले. घरातली कथा अशी, की खापरपणजोबा शिपाई होते आणि हीच बंदूक घेऊन सत्तावन्न साली लढले.

काल कॅलिपर लावला. नळीचं तोंड १६.७ मिलिमीटर. एन्फिल्डचं हवं १४.७ च्या आसपास. नळीत बोट घातलं, आत आटे नाहीत, गुळगुळीत. आता आटे कुणी नंतर घासूनही काढतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. मागची नेमाची पट्टी बघितली. खऱ्या एन्फिल्डला तिथे लांब पल्ल्यासाठी उभी करायची शिडी असते, हिला नुसती खाच, कायमची पक्की.

सत्तावन्ननंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम अशा बंदुका बनवल्या. दिसायला हुबेहूब एन्फिल्ड, पण आटे नाहीत. म्हणजे गोऱ्या सैनिकाचा नेम शेकडो यार्डांवर लागावा आणि आपल्या माणसाचा जेमतेम शंभरावर. पुन्हा उठलात तर आमच्याइतकं लांब मारता येऊ नये, एवढाच हिशोब. अविश्वास मिलिमीटरमध्ये मोजता येतो हे मला काल पहिल्यांदा कळलं. नांगराचा शिक्का असलेल्या दहा बंदुका मिळाल्या तरी मी हीच निवडेन.

भिंतीवर मात्र लागणार नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही न चालणाऱ्या. ही चांगली चालते. म्हणजे बाबांच्या हयातीतच वारस म्हणून माझ्या नावावर परवान्याचा अर्ज, आणि मिळाला तर कुलपातलं कपाट. भिंत बायकोला गेली :-)

रात्री जेवताना बाबांना सांगितलं, "बाबा, ही सत्तावन्नची नाही हो. नंतरची आहे."

ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण डुकरं मारली ती तरी खरी ना रे?"

ती खरी. सोमवारी रजा टाकलीय, अर्जाची कागदपत्रं बघायला अलिबागला जायचंय.