रज्जुमार्ग कोणासाठी?

वाराणसीत कँट स्थानकापासून दशाश्वमेध घाटालगतच्या गोदौलिया चौकापर्यंत पावणेचार किलोमीटरच्या रज्जुमार्गाची पायाभरणी २४ मार्च २०२३ रोजी झाली. खर्च सुमारे ६४५ कोटी रुपये. रस्त्यावरील कोंडी फुटेल, असे राज्यकर्ते सांगतात. परंतु कोणासाठी? असहकाराच्या लढ्यातून १९२१ साली जन्मलेले काशी विद्यापीठ याच मार्गावर आहे. तेथील श्रमिकांची मुले वाहन निवडतात ती खिसा पाहून, देखावा पाहून नव्हे. बोलिव्हियातील डोंगराळ ला पाझमध्ये २०१४ साली सुरू झालेला सरकारी मालकीचा रज्जुमार्ग कष्टकऱ्यांच्या वस्त्या जोडतो आणि विद्यार्थ्यांना सवलतही देतो. डोंगरातील वाहन सपाट काशीत आणणाऱ्यांनी हे धोरण मात्र डोंगरातच सोडू नये! विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळालाच पाहिजे. अन्यथा हा केवळ पर्यटकांचा पाळणा ठरेल.