भीमावर गा, गव्हावर नको!

आमचं डफडं ह्यांना चालतं. आमचा गळा चालतो. आमच्या पोरांचं नाचणं तर फारच चालतं. चालत नाही तो शब्द. शब्द आला की ह्यांच्या पोटात गोळा उठतो आणि स्टेजवर चिठ्ठी येते.

या जयंतीला ती चिठ्ठी माझ्या हातात आली. मेहकर तालुक्यातलं एक गाव. आमची पार्टी म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, एक डफडं, कोरसला दोन बाया आणि मी. वर्षभर मुंबईच्या गोदीत गोण्या उचलायच्या अन् एप्रिलात खाडे करून वऱ्हाडात गात फिरायचं. स्टेजमागे हे भलंमोठं बॅनर. बाबासाहेब कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढे. मधोमध पुढारी, हात जोडून. मांडव त्याचा, लाईट त्याची, डीजेही त्याचाच.

चार गाणी बाबासाहेबांवर झाली. नोटा पडल्या. पाचवं माझं नवं होतं, रेशनच्या गव्हावर.

मित्रांनो, तुम्ही मुंबई-पुण्यात बसून विसरला असाल. २०२४चा डिसेंबर सरताना आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगण्याला माणसांचे केस मुठीत यायला लागले. बाया, लेकरं, म्हातारे. बघता बघता टक्कल. पुढं नखंही गळायला लागली. आधी पाण्यावर बोट ठेवलं गेलं. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी गहू, रक्त, केस तपासून घेतले आणि सांगितलं, सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे, आणि हा गहू पंजाबाकडून आलेला रेशनचा आहे. चॅनेलवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' म्हणून दात काढले. साले, पोरीच्या डोक्यावरचे केस गेले, तिचं लग्न अडलं, ह्यात हसण्यासारखं काय होतं?

हे मी गात होतो. दुसऱ्या कडव्यालाच चिठ्ठी. 'भीमगीते घ्यावीत. राजकारण नको. साहेब बसले आहेत.' मी गात राहिलो तर माईक गेला. सांगितलं, दहा वाजले, कायदा आहे. बरं, कायदा मान्य. मग साडेदहाला त्याच मांडवात डीजे धडधडला, तेव्हा कायदा कुठं झोपला होता? खाली उतरलो तर एक आजी म्हणाली, "काऊन थांबला रे पोरा? मंग गव्हाचं काय झालं?"

ह्या प्रश्नाला त्या मांडवात बंदी होती. भीमावर गा, पण भीमासारखं विचारू नका! बाबासाहेबांचा कोट गा, पेन गा, चष्मा गा. त्या पेनाने काय लिहिलं ते गायला लागलात की तुम्ही राजकारणी.

भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात जलसा उभा केला तो तमाशाच्याच अंगाने. पण गण-गौळणीतला देव काढला आणि पाणवठा, शाळा, देवळाचं दार आत आणलं. वाद्यं तीच, शब्द बदलला. तिथंच जलसा झाला. आज आपण उलटं चाललोय. वाद्यं महागडी, भिंतीएवढे स्पीकर, शब्द गायब. ज्या गावकीनं आपल्याला नुसतं वाजवायला ठेवलं होतं, तिला आणखी काय पाहिजे?

शब्दाची किंमत सरकारला आपल्यापेक्षा जास्त कळते. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ला विधान भवनासमोर स्वतःला हवाली केलं. सागर गोरखे, रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२०मध्ये उचललं आणि खटला उभा न राहता वर्षानुवर्षं आत ठेवलं. त्यांच्यापाशी होतं काय? डफ आणि गळा. १० जुलै २०२५ला विधानसभेत, दुसऱ्या दिवशी परिषदेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. त्याच्या 'बेकायदेशीर कृत्या'त बोललेला शब्द बसतो, लिहिलेला बसतो, नुसती खूणही बसते. ह्यात रेशनच्या गव्हाचं गाणं बसत नाही, अशी हमी कोण देतो?

आणि आपले काही कलावंत मानधनाच्या पाकिटासाठी आधीच विचारतात, "साहेब, कुठलं घेऊ?" अशा गळ्याला कुलूप लावायला कायदा कशाला लागतो? तो गळा आतूनच बंद आहे.

मग करायचं काय? पुढाऱ्याचा मांडव नाकारा. वस्तीची वर्गणी वस्तीनं काढावी. दहा-दहा रुपये निघतील, तेवढ्यात पेटी-ढोलकी भागते. आधी जलसा, मग ज्याला नाचायचं त्यानं खुशाल नाचावं. माईक काढला तर कोंडाळं करून गा, चौकात गा, बुद्धविहारात गा. गाणं तोंडपाठ करा. कागद जप्त होतो, पाठ झालेलं जप्त होत नाही.

आणि बाबासाहेबांचं नाव घेऊन कुणी म्हणालं 'राजकारण नको', तर त्याला भर सभेत विचारा, तुझ्या घरी गहू कुठला येतो?